रस्ता न फोडता पाण्याचे जुने पाइप बदलणे: सांगली-मिरजकरांचे नेहमीचे प्रश्न

गावभाग असो, खणभाग, विश्रामबाग की मिरजेतली ब्राह्मणपुरी, प्रश्नाची सुरुवात बहुतेक वेळा सारखीच असते: "आत्ता कुठं डांबर पडलंय, पुन्हा खोदणार का?" पाइपलाइनच्या कामावर देखरेख करण्यात माझी बरीच वर्षं गेली. लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे उत्तरांसह एकत्र केलं आहे. एखाद्या उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा उल्लेख आला तर तो जरूर पाहा, तीच गोष्ट दोनदा लिहिलेली नाही.

रस्ता न खोदता पाइप बदलतात म्हणजे खड्डा अजिबात लागत नाही का?

लागतो. लागत नाही ती चर. उघड्या खोदाईत गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रस्ता उकरावा लागतो. इथे दोन टोकांना दोन खड्डे घेतात आणि मधलं काम जमिनीखालून होतं. शिवाय प्रत्येक व्हॉल्व्हपाशी, प्रत्येक टी-जोडाशी आणि बऱ्याच पद्धतींत प्रत्येक नळजोडणीपाशी छोटा खड्डा येतो. त्यामुळे "एकही खड्डा नाही" असं कुणी सांगितलं तर त्याला नळजोडण्यांचं काय करणार ते विचारा.

ढोबळमानाने चार प्रकार आहेत. जुन्या पाइपला आतून अस्तर देणं, जुन्या पाइपात नवा पाइप सरकवणं, जुना पाइप जागीच फोडून त्याच वाटेने नवा ओढणं, आणि जुना तसाच सोडून शेजारून नवी वाट पाडणं. कोणता प्रकार घ्यायचा हे जुन्या पाइपची तब्येत ठरवते.

आमच्या गल्लीत पाइप कशाचा आहे, हे कसं ओळखायचं?

आधी चावी सोडणाऱ्या माणसाला विचारा. नकाशात नसलेली कितीतरी माहिती त्याच्या डोक्यात असते: कुठे जोड आहे, कुठली चावी पुरली गेली, कुठे दरवर्षी गळतीवर क्लॅम्प (आवळपट्टा) बसतो.

पाइप उघडा दिसत असेल तर लोहचुंबक लावा. बीड (ओतीव लोखंड), डीआय (डक्टाइल आयर्न, म्हणजे चिवट बीड) आणि जीआय (जस्त चढवलेलं लोखंड) यांना चुंबक चिकटतं, सिमेंटच्या आणि पीव्हीसीच्या पाइपला चिकटत नाही. बीड तुटलं की कडा करड्या आणि दाणेदार दिसतात. जुन्या बिडाच्या जोडात ताग ठासून वर शिसं ओतलेलं असतं. डीआय बिडासारखाच दिसतो, पण घाव घातल्यावर फुटत नाही, चेमटतो. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो (पाइप फोडण्याचा प्रश्न पाहा).

पाइप मार्च ते जूनमध्येच जास्त का फुटतात?

आपली काळी माती. कृष्णाकाठची ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. एप्रिल-मेमध्ये शामरावनगरच्या मोकळ्या प्लॉटवर पडलेल्या भेगांत हात जातो, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. वर भेग पडते तेव्हा खालीही माती हलत असते, पण सगळीकडे सारखी नाही. डांबराखालची माती ओलसर राहते, कडेची वाळते, आणि जिथे गळती आहे तिथली कायम फुगलेली असते. पाइप या तिन्हींच्या मधून जातो. एका ठिकाणी त्याचा आधार सुटतो, दुसऱ्या ठिकाणी तो वर ढकलला जातो, आणि तो तुळईसारखा वाकतो.

बिडाला वाकणं जमत नाही. त्यातही ८०-१०० मिमीचा बारीक पाइप आधी जातो, आणि तो करवतीने गोल कापल्यासारखा तुटतो. मोठ्या व्यासाचे पाइप वाकत नाहीत, त्यांचे जोड सरकतात. पहिल्या जोरदार पावसानंतर माती उलट्या दिशेने हलते आणि तक्रारींची दुसरी लाट येते.

म्हणून माझं मत आहे की काळ्या मातीत बारीक बिडाच्या पाइपला नुसतं अस्तर देणं म्हणजे पैसा वाया घालवणं. अस्तर गंज थांबवतं, मातीची हालचाल थांबवत नाही. इथे वितळवून एकजीव केलेल्या जोडांचा एचडीपीई (जाड, चिवट प्लॅस्टिकचा) पाइप लागतो, तो मातीबरोबर थोडा वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. साताऱ्यात डोंगरउतारावरच्या पेठांत, मुरूम आणि खडकात, हा त्रास फारसा नसतो. तिथे उताराचा प्रश्न असतो. दर १० मीटर उंचीला जवळपास १ किलो दाब बदलतो, त्यामुळे एकाच लाइनवर खालच्या घरात नळ उडतो आणि वरच्या घरात थेंब येत नाही. तिथे पाइप बदलण्याआधी दाबाचे विभाग नीट पाडावे लागतात.

सकाळी पहिली पाच मिनिटं लाल पाणी येतं. पाइप बदलावाच लागेल, की आतून साफ करून भागेल?

लाल पाणी म्हणजे बिडाच्या किंवा लोखंडाच्या पाइपात आतून गंजाच्या गाठी झाल्या आहेत. रात्रभर साचलेलं पाणी सुटलं की त्यातला भुगा आधी येतो. अशा गाठींनी १५० मिमीच्या पाइपात हाताची मूठही जाईना अशी अवस्था मी पाहिली आहे.

साखळ्या आणि पोलादी खरवडण्या ओढून गाठी निघतात. पण नुसतं खरवडून सोडलं तर उघडं लोखंड पुन्हा पटकन गंजतं आणि काही दिवसांत पाणी आधीपेक्षा लाल येतं. म्हणून खरवडलं की लगेच अस्तर द्यायला हवं. सिमेंट-वाळूचं अस्तर फिरत्या डोक्याने आत फेकतात आणि मागून गुळगुळीत करतात. सिमेंटच्या क्षारतेमुळे लोखंडावर संरक्षक थर तयार होतो, त्यामुळे बारीक भेग पडली तरी गंज सहसा पुढे जात नाही. इपॉक्सीचं अस्तर जेमतेम मिलिमीटरभर जाड असतं, पण सुकायला साधारण १६ तास घेतं. पॉलियुरेथेन जातीची अस्तरं त्याच दिवशी पाणी सोडू देतात.

हे सगळं पाइपचं अंग शाबूत असेल तरच. ते तपासायची साधी रीत अशी: पाइपचा हातभर तुकडा कापून काढा, धुऊन घ्या आणि बाहेरून चाकूने खरवडा. जुन्या बिडातलं लोखंड मातीत झिरपून जातं आणि मागे शिसपेन्सिलीसारखा मऊ काळा भाग उरतो. दिसायला पाइप पूर्ण जाडीचा वाटतो, पण चाकू आत शिरतो. असा पाइप अस्तराच्या लायकीचा राहिलेला नसतो.

"मोज्यासारखं अस्तर" म्हणतात ते काय?

राळेत (रेझिनमध्ये) भिजवलेली कापडी नळी पाण्याच्या किंवा हवेच्या दाबाने पाइपात उलटवत नेतात, पायातला मोजा उलटा करावा तशी, आणि गरम पाणी, वाफ किंवा अतिनील प्रकाशाने कडक करतात. १९७१ साली लंडनमधल्या सांडपाण्याच्या एका वाहिनीत हे पहिल्यांदा केलं गेलं. पद्धत मुख्यतः सांडपाण्याची आहे. पिण्याच्या पाण्यासाठी राळ त्याच कामासाठी प्रमाणित हवी. सांडपाण्याच्या कामातली स्टायरिनची राळ इथे चालत नाही. गावातल्या बारीक पाइपांना ही पद्धत सहसा परवडत नाही. मोठी मुख्य वाहिनी नदीखालून, रेल्वेखालून किंवा इमारतीखालून जात असेल तर विचार करावा.

पाइपात पाइप घातला तर पाणी कमी नाही का येणार?

शंका रास्त आहे, पण उत्तर आकड्यांत बघू. १५० मिमीच्या जुन्या बिडाच्या पाइपात ११० मिमीचा एचडीपीई सरकवला तर त्याचा आतला व्यास साधारण ९७ मिमी येतो (एसडीआर म्हणजे बाहेरचा व्यास भागिले जाडी; तो १७ धरला, तर जाडी ६.६ मिमी). क्षेत्रफळ निम्म्याहून कमी झालं. पण गाठी भरलेल्या बिडाचा गुळगुळीतपणाचा अंक हेझन-विल्यम्सच्या सूत्रात ७० च्या आसपास उतरतो, नव्या एचडीपीईचा १४५ धरतात. दोन्ही हिशेबात घेतले तर तेवढ्याच दाबाला जुन्याच्या जवळपास दोन तृतीयांश पाणी मिळतं. १२५ मिमीचा बसला तर नऊ दशांश. त्यात थांबलेली गळती मिळवली तर शेवटच्या घराला बऱ्याचदा आधीपेक्षा जास्तच पाणी येतं.

पण जुना पाइप १०० मिमीचाच असेल आणि गल्लीत मधल्या काळात चार अपार्टमेंट उभी राहिली असतील, तर पाइपात पाइप घालू नये. तिथे पुढची पद्धत.

जुना पाइप फोडून त्याच जागी मोठा पाइप टाकता येतो, हे खरं का? शेजारच्या भिंतींना धोका?

खरं आहे. जुन्या पाइपातून पोलादी दांड्या आरपार घालतात. दुसऱ्या टोकाला पाती आणि त्यामागे पाइपपेक्षा जाड शंकूसारखं डोकं जोडतात, डोक्याला नवा एचडीपीई जोडतात आणि हायड्रॉलिक यंत्राने ओढतात. पाती जुना पाइप चिरते, डोकं तुकडे बाजूच्या मातीत दाबतं, मागून नवा पाइप येतो. बीड ठिसूळ असल्याने सहज फुटतं. डीआय आणि जीआय फुटत नाहीत, त्यांना चिरणाऱ्या चाकांची वेगळी पाती लागते. चुकीची पाती लावली तर यंत्र अर्ध्यात अडकतं आणि रस्ता उकरावाच लागतो.

धोका वर उचलल्या जाणाऱ्या मातीचा असतो. फोडणाऱ्या डोक्याचा व्यास आणि जुन्या पाइपचा व्यास यांतला जो फरक, त्याच्या निदान दहापट माती डोक्यावर हवी असा अनुभवाचा नियम आहे. फरक ९० मिमी असेल तर ९० सेंमी. आपल्या जुन्या पेठांत पाइप कधी कधी हातभर खोलीवरच सापडतात. तिथे फोडाफोडी केली की पेव्हर ब्लॉक उचलले जातात, वाड्याच्या पायरीला तडा जातो. लागून जाणारी सिमेंटची गटार वाहिनी किंवा दुसरा बारीक पाइपही दबू शकतो. अशा प्रत्येक छेदावर आधी खड्डा घेऊन जागा मोकळी करायची.

जुने क्लॅम्प, काँक्रीटमध्ये गाडलेले जोड आणि व्हॉल्व्ह आधीच शोधून काढावे लागतात. दरवर्षी दुरुस्त झालेल्या लाइनवर हेच सगळ्यात किचकट काम.

आमचा पाइप सिमेंटचा आहे. त्यात ॲस्बेस्टॉस असतं ना? पाणी पिणं धोक्याचं आहे का?

पाण्यावाटे पोटात जाणाऱ्या तंतूंनी आजार होतो याचा ठोस पुरावा नसल्याने जागतिक आरोग्य संघटनेने पाण्यासाठी त्याची मर्यादा घातलेली नाही. धोका श्वासावाटे जाणाऱ्या धुळीचा आहे आणि तो आधी कामगाराला आहे. कोरडा पाइप ग्राइंडरने कापताना उडणारी पांढरी धूळ फुप्फुसात जाते आणि वर्षानुवर्षांनी जीव घेते. तुमच्या दारात असं काम चाललं असेल तर थांबवायला सांगा. पाणी मारत, हाताच्या करवतीने किंवा साखळीच्या कटरने कापायचं, कामगारांना योग्य मास्क द्यायचा आणि तुकडे पिशवीत बांधून न्यायचे. रस्त्याकडेला टाकायचे नाहीत.

असा पाइप फोडून बदलता येतो, पण त्याचे तुकडे कायमचे मातीत राहतात आणि पुढे कधी तिथे खोदणाऱ्याला ते कळायला हवं. माझा कल तो तसाच रिकामा सोडून शेजारून नवी लाइन टाकण्याकडे आहे.

आमची नळजोडणी परत कोण आणि कशी जोडणार?

यंत्राचं काम एका दिवसात होतं, नळजोडण्यांना आठवडा जातो. काम टिकलं की फसलं ते इथेच ठरतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

फवारलेल्या अस्तरात जुने फेरूल (मुख्य पाइपवरून घराची नळी निघते तो पितळी जोड) तसेच राहतात, फक्त त्यांची भोकं बुजू न देण्याची काळजी घ्यावी लागते. नवा पाइप घातला किंवा ओढला, तर प्रत्येक घराची जोडणी तुटते. तिथे साधारण मीटरभराचा खड्डा घेऊन नव्या पाइपवर सॅडल (पाइपला वरून मिठी मारणारा जोड, ज्यातून घराची नळी निघते) बसवतात. वितळवून चिकटणारं इलेक्ट्रोफ्यूजन सॅडल उत्तम. बोल्टचं सॅडल असेल तर ते एचडीपीईसाठी बनवलेलं हवं, जुन्या बिडाचं उचलून लावलेलं गळतंच.

हिशेब बघा. १०० मीटरच्या गल्लीत ३० जोडण्या असतील आणि समोरासमोरच्या दोघांना एक खड्डा धरला तरी १५ खड्डे झाले. म्हणजे सहा-सात मीटरला एक. दाट पेठेत रस्ता वाचवण्याचा फायदा इथेच निम्मा होतो आणि हे निविदेआधी मोजायला हवं. विश्रामबागसारख्या भागात प्लॉट मोठे, जोडण्या लांब लांब, तिथे ही पद्धत खरी शोभते.

एका कामावर जोडण्यांची यादी कार्यालयातल्या नोंदींवरून केली होती. वाड्याच्या मागच्या बाजूला एका आजींचं घर होतं, त्यांची जोडणी कुठल्याच कागदावर नव्हती. पाइप ओढला, सगळ्यांचे नळ सुरू झाले, आणि आजी चार दिवस शेजारून हंडा भरत राहिल्या, कारण त्यांना वाटलं काम अजून चालूच आहे. ती यादी मी दारोदार फिरून तपासायला हवी होती. तेव्हापासून पाणी सुटलेल्या वेळेत प्रत्येक उंबऱ्याशी जाऊन, नळ उघडून बघूनच मी यादी पक्की करतो. तुम्हीही यादीत आपलं घर, मागचं घर आणि भाडेकरूचा वेगळा नळ आहे ना ते बघा.

फेरूलपासून मीटरपर्यंतचा जुना जीआयचा तुकडा याच वेळी बदलून घ्या. प्लॅस्टिकच्या निळ्या एमडीपीई नळीला फार खर्च नाही. मुख्य पाइप नवा आणि घराचा तुकडा गंजका राहिला तर लाल पाणी येतच राहील.

काम चालू असताना पाणी मिळेल का?

आपल्याकडे पाणी तासाभरापुरतं सुटतं आणि घरोघरी टाक्या आहेत, त्यामुळे एक-दोन दिवस निभतं. त्याहून लांबणार असेल तर रस्त्याच्या कडेने तात्पुरती लाइन टाकून घरांना जोडून द्यायला हवी, आणि ते निविदेत लिहिलेलं हवं. लाइन उघडी असताना कुणी नळाला थेट मोटर लावू नये. रिकाम्या पाइपात मोटर ओढ निर्माण करते आणि खड्ड्यातलं घाण पाणी आत येतं.

नवा पाइप पडला. त्यातलं पाणी लगेच प्यावं का?

आधी पाइप धुऊन त्यात क्लोरिनचं तीव्र पाणी भरून ठेवतात. प्रचलित पद्धतीत लिटरला २५ मिलिग्रॅम, २४ तास. १५० मिमी आतल्या व्यासाच्या १०० मीटर पाइपात साधारण १,७७० लिटर पाणी मावतं, म्हणजे २५ टक्के क्लोरिनची ब्लीचिंग पावडर जेमतेम १८० ग्रॅम लागते. इतक्या स्वस्त गोष्टीत कुणी टाळाटाळ केलेली खपवून घेऊ नका. ते पाणी काढून टाकलं, पुन्हा धुतलं आणि जीवाणूंची तपासणी स्वच्छ आली की लाइन सुरू. घरच्या नळाला उर्वरित क्लोरिन किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. पहिल्या दिवशीचं पाणी टाकीत न घेता सोडून द्या.

केबलवाले आडवं भोक पाडून एका रात्रीत काम करतात. पाण्याला ते मशीन का नाही?

वापरतात. एचडीडी म्हणतात त्याला. बेंटोनाइट या चिकणमातीच्या राडीसह आधी बारीक भोक, मग ते पाइपच्या साधारण दीडपट रुंद करून पाइप मागे ओढायचा. मोठा रस्ता किंवा नाला ओलांडायला याहून चांगली पद्धत नाही.

पण हे भोक नव्या वाटेने जातं, आणि त्या वाटेवर काय आहे हे आधी कळलेलं नसेल तर अनर्थ होतो. वीजवाहिनी किंवा गॅसची लाइन लागली तर लगेच कळतं. ड्रेनेजची लाइन आरपार भेदली तर कळतही नाही. पाण्याचा पाइप ड्रेनेजच्या पोटातून जातो, काही महिन्यांनी ड्रेनेज तुंबतं, सफाईवाला दांडा मारतो आणि पिण्याचा पाइप ड्रेनेजच्या आत फुटतो. म्हणून प्रत्येक छेदावर खड्डा घेऊन डोळ्यांनी बघितल्याशिवाय यंत्र पुढे जाता कामा नये.

चाचणीत दाब उतरला, ठेकेदार म्हणतो ही गळती नाही. फसवतोय का?

तो खरं सांगत असू शकतो. एचडीपीई दाबाखाली थोडा फुगत राहतो, त्यामुळे सुरुवातीला दाब उतरणं स्वाभाविक आहे. म्हणून दाब काही काळ टिकवून, पाइप स्थिरावल्यावर मग मोजणी करतात. स्थिरावल्यावरही उतरत राहिला तर ती गळती.

याच स्वभावाची दुसरी गोष्ट: ओढताना पाइप ताणला जातो आणि नंतर हळूहळू आखडतो. शिवाय १० अंश तापमान उतरलं तर १०० मीटर पाइप साधारण २० सेंमी आखडतो. दुपारच्या उन्हात तापलेला पाइप ओढून लगेच दोन्ही टोकं जोडली तर पहाटेपर्यंत जोड उपसतो. निदान एक रात्र थांबायलाच हवं.

नव्या पाइपवर आयएस ४९८४, पीई १०० आणि दाबाचा वर्ग छापलेला असतो. फोटो काढून ठेवा. अंगावर ओरखडे असतील तर जाडीच्या १० टक्क्यांहून खोल ओरखड्याचा तुकडा कापून टाकायचा.

आमचा भाग पुराच्या पट्ट्यात आहे. काही वेगळं करावं लागतं का?

हो. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांत ज्या गल्ल्या पाण्याखाली होत्या, तिथे प्रश्न फुटण्यापेक्षा आत शिरणाऱ्या पाण्याचा आहे. पाणी सुटलेलं नसताना पाइप रिकामा असतो, वर पुराचं पाणी उभं, आणि प्रत्येक सैल जोड म्हणजे घाणीला उघडं दार. सलग वेल्ड केलेल्या लाइनला जोड जवळपास नसतात, म्हणून अशा भागात मी अस्तरापेक्षा नवा पाइपच सुचवतो. एचडीपीई पाण्यापेक्षा हलका असतो, त्यामुळे उघड्या खड्ड्यात रिकामा पाइप पाणी भरताच तरंगतो. नदीकाठी खड्ड्याला पाझरही लवकर लागतो. डिसेंबर ते एप्रिल हाच हंगाम.

आमची गल्ली फक्त ६० मीटर आणि रस्ता मुरमाचा. तरी हेच मागावं का?

नाही. यंत्र आणायचाच खर्च इतका की जेसीबीने चर घेणं स्वस्त आणि चांगलं. शेजारच्या पाच-सहा गल्ल्यांचं काम एकत्र निघालं तर गोष्ट वेगळी.

जुन्या घराचं अर्थिंग नळाच्या लोखंडी पाइपला जोडलेलं आहे. पाइप प्लॅस्टिकचा झाला तर?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात आणि सगळ्यांनी विचारायला हवा. जुन्या वाड्यांत अर्थिंगची तार नळाच्या जीआय पाइपला बांधायची पद्धत होती. तो पाइप लोखंडातून थेट जमिनीत जात होता, म्हणून ते चालत होतं. मुख्य पाइप एचडीपीईचा आणि घराचा तुकडा एमडीपीईचा झाला की ती वाट तुटते. गीझर किंवा मोटर लीक झाली तर करंट जमिनीत जायच्या ऐवजी न्हाणीघराच्या नळात थांबतो. काम सुरू व्हायच्या आधी वायरमनला बोलवा, ती तार कुठे जाते ते बघा आणि घराला स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा व आरसीसीबी (करंट लीक झाला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. जोडणी कापणाऱ्या माणसालाही आधी सांगा, पाइप कापताना त्याच्याच हातातून करंट जाऊ शकतो.